चेन पुढे की मागे

"चेन पुढे हवी की मागे?" स्वेनुंगनं विचारलं.

"पुढे," मी म्हटलं. त्याला वाक्य पुरतं संपवूही दिलं नाही. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि सकाळी बोटीवर येताना मी उत्तर घोकूनच आले होते.

त्यानं कागदावरून मान वर केली. पाणबुड्यांचं सामान विकणारं आमच्या भागातलं हे एकच दुकान, त्यामुळे स्वेनुंगला प्रत्येकाचं वजन, उंची आणि बुटाचा नंबर पाठ. मला तर तो जन्मापासून ओळखतो. मी फेरीबोटीवर कॉफी आणि स्वेले विकते, लोणीसाखर लावून घडी घातलेली गरम घावनं, आणि स्वेनुंगची ढेरी निम्मी माझ्या हातची आहे.

"तू आणि पुढची चेन?" तो म्हणाला. "आजवर मागचीच घातलीस ना?"

"म्हणून काय जन्मभर तीच घालायची?"

"तसं नाही गं. पण पुढची खांद्यावरून तिरकी कमरेपर्यंत येते, वाकलं की पोटाला टोचते. मागची कशी निवांत बसते. लावून देणारं कुणी असेल तर मागचीच घे, असं मी तरी सांगेन."

"नाहीये."

"काय नाहीये?"

"लावून देणारं. लिही, पुढे."

त्यानं मुकाट्यानं लिहिलं. विचारलं काहीच नाही. इथं कुणी काही विचारत नाही, ही आमच्या किनाऱ्याची चांगली रीत आहे असं मला एकसष्ट वर्षं वाटत आलं होतं.

आता हे चेनीचं प्रकरण सांगायलाच हवं. आमच्याकडचं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं, म्हणून ड्रायसूट. आत लोकरीचे कपडे, वर हा सूट, मानेला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या, आणि अंगात चढवायला एकच फट, ती जाडजूड पितळी चेनीनं बंद करायची. थेंबभर पाणी आत येता कामा नये. मागची चेन या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत आडवी असते. तिथं आपला हात पोचत नाही, कितीही वेडंवाकडं व्हा. दुसऱ्यानंच ती टोकापर्यंत ओढायची, अंगठा फिरवून बघायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचं, "बंद." एवढ्या एका शब्दावर माणूस समुद्रात उतरतो.

माझी चेन एकोणीस वर्षं सिग्रूननं लावली.

सिग्रून आमच्या बेटावरच्या शाळेत शिवण शिकवायची. उंच, सावकाश बोलणारी, चष्मा कायम दोरीला लटकलेला. माझ्या अगदी उलट. आमच्या पाणबुड्यांच्या क्लबातले लोक म्हणायचे, वेंके बोलते तेवढा वेळ सिग्रून श्वास रोखून बसते, म्हणून तिची हवेची टाकी जास्त टिकते. माझा नवरा केव्हाच उत्तरेला निघून गेलेला, तिनं लग्न केलंच नाही. दर शनिवारी दहाला आम्ही हेरिंग मासळीच्या जुन्या धक्क्यावर भेटायचो. आधी ती माझी चेन लावायची, मग मी तिची. खाली गेलं की बोलायचा प्रश्नच नाही, आणि खरं सांगू, मला गप्प बसून कुणाबरोबर राहता आलं ते फक्त तिथंच. वर आलो की थर्मासमधली कॉफी, तपकिरी चीज लावलेला पाव, आणि पिशवीत रात्रीच्या जेवणापुरते मोठे शिंपले. एकोणीस वर्षं. इतका काळ तर माझं लग्नही टिकलं नाही.

आणि मग गेल्या वर्षीचा एप्रिल.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी क्लबची बंदरसफाई असते. सगळ्यांनी येऊन फुकट राबायचं, याला आमच्याकडे दुग्नाड म्हणतात, आणि जो येत नाही त्याचं नाव वर्षभर लक्षात ठेवलं जातं. आम्ही पाणबुड्यांनी तळाशी जायचं, टायर, सायकली, जाळ्यांचे गुंते दोराला बांधायचे, वरच्यांनी ते ओढायचे. मग धक्क्यावर वॉफल. त्या दिवशी सिग्रूननं माझी चेन लावली, थाप मारली, "बंद" म्हणाली. बारा मीटरवर मी एका सायकलीशी झटापट करत होते आणि मानेखाली बर्फाची सुरी फिरवावी तसं पाणी आत आलं. पाठीवरून कमरेत, कमरेतून पायांत. पाच अंशाचं पाणी. सूट जड झाला, हात चालेनात. कशी वर आले ते माझं मला माहीत नाही. दोघांनी धरून धक्क्यावर ओढलं, चेन उघडली, मला घोंगडीत गुंडाळलं.

आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. चाळीस-पन्नास माणसं हातात वॉफल घेऊन उभी होती, सगळ्यांसमोर.

"जन्मभर पोरांना शिवण शिकवलंस आणि एक चेन लावता येत नाही तुला? म्हातारी झालीस तू! तुझ्या भरवशावर मला मरायचं नाहीये!"

सिग्रून अर्ध्या सूटमध्ये उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "मी अंगठा फिरवला होता, वेंके."

"मग अंगठ्यालाही मोतीबिंदू झाला असेल!"

कुणीतरी हसलं. खरंच हसलं. माझ्या विनोदाला दाद मिळाली याचं त्या थंडीतही मला बरं वाटलं, हे आज सांगताना लाज वाटते.

क्लबचा अध्यक्ष कोरे मला घरी सोडून गेला. सिग्रून क्लबात परत आली नाही. तिचं घर माझ्या घरापासून चढावर, चारशे पावलांवर. मी गेले नाही. का जाऊ? चूक तिची, मरता मरता वाचले मी, तिनं यायला हवं. मी वाट बघत बसले. बेटावरच्या वाणसामानाच्या दुकानात लांबून दिसायची, मान हलवायची, मीही हलवायची. सप्टेंबरात मी एकदा जुनाच सूट घेऊन क्लबाच्या दिवशी धक्क्यावर गेले. गाडीच्या मागेच तो कसाबसा अंगात चढवला आणि पाठ उघडी टाकून उभी राहिले, इस्पितळातल्या पेशंटसारखी. कुणी पुढे येईना. कोरेला अचानक फोन आला, एकाला हातमोजा सापडेना. सगळे गोड बोलत होते, पण माझ्या चेनीला हात लावायला एकजण तयार नव्हता. उद्या पाणी शिरलं तर ही बया आपल्याला चारचौघांत सोलेल, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी सूट तसाच उतरवला, घरी आणून न बघता बोळा करून शेडमधल्या खिळ्यावर टांगला आणि भिंतीला शिव्या दिल्या.

तर म्हणून पुढची चेन. कुणाच्या बापाची गरज नको.

स्वेनुंगनं मापं घेतली. दंड, मांडी, पोटरी, छाती. सूट निवडणं म्हणजे नुसता रंग निवडणं नव्हे. फोमचा जाड घ्यायचा की तीन थरांच्या पातळ कापडाचा? जाड उबदार, पण वाळायला दोन दिवस. पातळ हलका, पण ऊब सगळी आतल्या लोकरीची. मी पातळ घेतला. मानेची पट्टी साध्या रबराची की सिलिकॉनची? सिलिकॉनची, फाटली तर घरच्या घरी बदलता येते. स्वेनुंग विचारत होता, मी फडाफड उत्तरं देत होते, आणि मनातून खूश होते. पुन्हा पाण्यात जायचं! चौदा महिने मी समुद्रावरून रोज सोळा वेळा ये-जा करत होते आणि त्याच्या आत एकदाही गेले नव्हते.

"जुन्याचं काय करायचं?" त्यानं विचारलं. मापाला नमुना म्हणून मी जुना सूट आणला होता, तो टेबलाखाली पडला होता. "चांगला असेल तर वापरलेल्यात लावून देतो. नवशिक्याला होईल."

"सूट एकदम ठणठणीत आहे," मी म्हटलं. "माणूस खराब निघालं."

"बघून घेतो तरी."

त्यानं मनगटाच्या पट्ट्यांत प्लास्टिकच्या बाटल्या कोंबल्या, मानेत एक वाडगा बसवला, चेन ओढून बंद केली आणि सूटमध्ये हवा भरली. मुंडकं नसलेल्या जाड्या माणसासारखा तो टेबलावर फुगून बसला. मग ब्रशनं साबणाचं पाणी लावायला सुरुवात केली. पायांवर काही नाही. दंडावर काही नाही. पाठीवर आला, चेनीवरची झाकणपट्टी उचलली, आणि थांबला.

"वेंके, इकडे ये."

चेनीच्या मधोमध, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये, साबणाचे बुडबुडे येत होते. भराभर, थांबायचं नाव नाही.

"चेन नीट लागली नसेल," मी म्हटलं.

"टोकापर्यंत लागली आहे. हे बघ. दात तडकलाय इथला, आणि खालचं कापड चिरलंय. लाव कितीही घट्ट, इथून पाणी येणारच. खाली गेलं की दाबानं जास्तच." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू सूट घडी घालून ठेवायचीस का?"

माझी शेड केवढीशी. मी सूट अर्ध्यात दुमडून मासळीच्या क्रेटमध्ये ठोकून बसवायची, वर पाय देऊन. सिग्रून दर शनिवारी सांगायची, गुंडाळून ठेव गं, चेन मोडेल. आणि मी म्हणायची, बाई, शाळा सुटली, आता तरी मास्तरकी सोड.

"पितळी चेन दुमडायची नसते," स्वेनुंग म्हणत होता. "पहिल्या दिवशी शिकवतात ना हे." मग त्यानं झाकणपट्टी उलटी केली. "आणि हे काय? हा टाका कुणाचा? मी नाही घातला."

झाकणपट्टीच्या आतल्या बाजूला, तडकलेल्या दाताच्या अगदी नेमकं वर, लाल दोऱ्याची एक छोटीशी फुली होती. नीटनेटकी, एका मापाची.

मला कुणाचा टाका ते विचारायची गरज नव्हती. बेटावरच्या कुणालाच पडली नसती. सिग्रून वर्गात पोरांना चूक झाली असं तोंडानं कधीच म्हणायची नाही. जिथं शिवण बिघडली असेल तिथं लाल दोऱ्याची फुली घालायची आणि कापड परत द्यायची. बाकी ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

मी जवळचं स्टूल ओढून बसले. तिला ठाऊक होतं. तिनं दात शोधला होता, खूण केली होती आणि सूट माझ्याच घरी माझ्याच खिळ्यावर आणून टांगला होता. मी समजत होते कोरेनं आणून ठेवला असेल. आणि मी शहाणी, सप्टेंबरात तोच सूट अंगात घालून तोच परत टांगून मोकळी झाले, आत एकदा डोकावून बघितलं नाही.

"पाणी देऊ का?" स्वेनुंगनं विचारलं.

"चेन मागे लिही," मी म्हटलं.

"आँ?"

"मागे, मागे. खोड ते आणि मागे लिही. ऐकू येत नाही का?"

त्यानं खोडलं. म्हणाला, "पोलंडच्या कारखान्याला सोमवारी दुपारी बारापर्यंत मापं पाठवायची आहेत. त्यानंतर ते सुट्टीवर, जुलैभर. तोवर बदलायचं असेल तर कळव."

"बदलायचं नाही," मी म्हटलं.

परतीच्या बोटीत मला हसूही येत होतं आणि रडूही. लाज तर इतकी वाटत होती की स्वतःच्याच काउंटरवरून कॉफी घ्यायला तोंड होईना. पण आत कुठंतरी आनंदही होता. तिनं निरोप ठेवला होता. म्हणजे दार लावलं नव्हतं. उशिरा का होईना, मी उत्तर द्यायला निघाले होते. चार शब्द माफीचे बोलायचे, शनिवारी दहाला धक्क्यावर यायचं ठरवायचं, झालं. एवढंच वाटत होतं मला.

रविवारी सकाळी अकराला मी रुबार्बचा केक घेऊन चढ चढले. न कळवता कुणाच्या दारात जायचं नसतं, पण फोन केला असता तर ती नको म्हणाली असती अशी भीती होती.

सिग्रूननं दार उघडलं. केस अगदी बारीक कापले होते, तेही मला ठाऊक नव्हतं. "वेंके," ती म्हणाली. फक्त नाव. मग बाजूला झाली आणि मला आत घेतलं.

तिनं कॉफी केली, केक कापला. मी हवेबद्दल बोलले. ती हो म्हणाली. मी बटाट्यांबद्दल बोलले, यंदा उशीर झालाय म्हणून. ती हो म्हणाली. माझं बोलणं संपलं, आणि मला आठवत नाही याआधी ते कधी संपलं होतं.

"मला टाका दिसला," मी म्हटलं.

तिनं कप खाली ठेवला. "कधी?"

"काल."

"काल," ती म्हणाली. "म्हणजे तू सूट बघितलाच नाहीस."

"नाही. कोरेनं टांगला असं वाटलं मला."

"मी टांगला. तीन दिवस क्लबच्या धुण्याच्या टाकीजवळ खारट तसाच पडला होता. कुणीतरी धुवायला हवा होता."

"सिग्रून, चूक माझी होती. क्रेटमध्ये घडी घालून ठेवायची मी."

"हो."

"आणि जे बोलले ते तर... काय म्हणू? माझ्या जिभेला हाड नाही. मला माफ कर."

"ते मी केव्हाच केलं," ती म्हणाली.

मी हसले, डोळे पुसले, केकचा मोठा घास घेतला. आणि माझी सवय! घास गिळायच्या आधीच बोलून बसले, "मग येत्या शनिवारी धक्क्यावर, दहाला? सूट यायला दोन महिने लागतील, पण तोवर मी वर बसेन, तुझी चेन तरी लावेन. पुढची लिहिली होती, ती खोडून मागचीच चेन सांगितली आहे मी स्वेनुंगला. म्हटलं, सिग्रून आहे लावायला."

तिनं ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "मला न विचारता?"

"अगं, तू..."

"ये," ती म्हणाली आणि उठली.

मी तिच्यामागे तळघरात गेले. नळाशेजारी, जिथं एकोणीस वर्षं आमचे दोन सूट वाळत असत, तिथं एक टांगलेला होता. नवा, करडा. खालून पाणी ठिबकत होतं, म्हणजे सकाळीच वापरलेला. चेन पुढे होती, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी.

"ऑक्टोबरपर्यंत थांबले मी," सिग्रून म्हणाली. "म्हटलं, आज ना उद्या तू सूट काढशील, टाका बघशील, येशील. मग हा मागवला. बर्गनहून. स्वेनुंगकडे घेतला असता तर गावभर झालं असतं."

"कुणाबरोबर जातेस?"

"कुणाबरोबर नाही."

"एकटी? डोकं फिरलंय का तुझं? खाली काही झालं तर वर कळणार कुणाला? या वयात..."

"तू पुढची चेन घ्यायला गेली होतीस, ती कशासाठी?" ती शांतपणे म्हणाली. "मागची तर आत्ता सुचली तुला. टाका दिसल्यावर."

मी खाली ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघितलं.

"मी तुझ्यावर रागावलेले नाही, वेंके. हे नीट ऐक. पण तुझी चेन आता मी लावणार नाही. ते तीन दिवस, दात सापडेपर्यंत, मी तुला मारलंच असतं असं मला वाटत होतं. मी रात्रंदिवस अंगठ्याकडे बघत बसायची. खरंच फिरवला होता का? की फिरवला असं वाटतंय? आता तुझ्या पाठीला हात लावला तर तू वर येईपर्यंत मला तेच होईल. आणि समज, पुन्हा कधी पाणी शिरलं, कुठूनही शिरलं, तर तू काय बोलशील ते मला ऐकायचं नाही."

"नाही बोलणार. शप्पथ."

"बोलशील गं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच जरा हसली. "तू तशीच आहेस. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं."

मी तिच्या सूटच्या बाहीला हात लावला. ओली होती. मला वाटलं, हट्ट करावा, रडावं, जमिनीवर बसकण मारावी. पण तिचा चेहरा मी एकोणीस वर्षं पाण्याखाली काचेतून वाचला होता. ती काय म्हणते ते मला कळलं होतं.

"पुढचीच घे," ती म्हणाली. "पहिले काही दिवस जड जातं. खांदा दुखतो, मन लागत नाही. मग सवय होते."

निघताना तिनं अर्धा केक फॉइलमध्ये बांधून परत दिला. म्हणाली, एकटीला एवढा संपत नाही. मला म्हणावंसं वाटलं की माझ्याही घरी एकटीच आहे, पण ते तिला ठाऊकच होतं.

सोमवारी माझी पहिली पाळी. नऊला दुकान उघडतं, तेव्हा मी बोटीवर मागच्या खोलीत जाऊन स्वेनुंगला फोन लावला.

"चेन पुढे," मी म्हटलं.

"आता नक्की ना?" तो हसला. "नाहीतर बाराला परत मागे येईल."

"नक्की."

"बरं. पण मग एक माप राहिलंय. पुढच्या चेनीला धड जरा लांब ठेवावं लागतं, आपलं आपल्याला चढवता यावं म्हणून. शनिवारी तू मागे म्हणालीस म्हणून मी ते घेतलं नाही. मानेच्या हाडापासून पुढून खाली, दोन पायांमधून, पाठीवरून परत मानेपर्यंत. थोडं वाकून उभं राहायचं. येतेस का इकडे?"

"संध्याकाळपर्यंत ड्युटी आहे."

"मग तिथंच घे. पण एकटीनं घेऊ नकोस हं, टेप सरकते, चुकतं. दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तर मान वर करता येणार नाही. कुणाला तरी टेप धरायला सांग आणि बाराच्या आत कळव."

"सांगते," मी म्हटलं.

बोटीवर कप्तान होता, अठ्ठावीस वर्षांचा. एक खलाशी, गाड्या लावून घेणारा. सामन मासळीच्या ट्रकचा ड्रायव्हर, जर्मन मासेमार चौघे, आणि डॉक्टरकडे निघालेली एक बाई, जिला मी तीस वर्षं साखरेशिवाय कॉफी देते आणि जिचं नाव मला ठाऊक नाही. मी काउंटरमागून एकेकाकडे पाहिलं. काय म्हणणार? जरा या, माझ्या दोन पायांमधून टेप धरा? त्या बाईपाशी मी गेलेही. तिनं वर पाहिलं. मी विचारलं, अजून कॉफी हवी का. ती नको म्हणाली.

शेवटी मी कपडे बदलायच्या खोलीत गेले, कडी लावली आणि प्रथमोपचाराच्या पेटीतून चिकटपट्टी काढून टेपचं एक टोक मानेला चिकटवलं. वाकले. टेप सरकली. एकशे एकसष्ट आलं. पुन्हा केलं. एकशे सहासष्ट. बोट डोलत होती. तिसऱ्यांदा भिंतीला पाठ टेकून केलं, तर एकशे अठ्ठावन्न. पट्टी सुटून टेप पायांत पडली आणि मी ती उचलायला वाकले, ती बराच वेळ तशीच राहिले. बाहेर काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवत होतं.

पावणेबाराला मी फोन केला.

"एकशे एकसष्ट," मी म्हटलं. मधला आकडा सांगितला.

"एकशे एकसष्ट," स्वेनुंग लिहिता लिहिता म्हणाला. "टेप कुणी धरली होती? नाही, खात्री असलेली बरी. एकदा कापलं की परत घेत नाहीत."

"सिग्रूननं," मी म्हटलं.

"हां, मग चिंताच नको," तो म्हणाला. "मग बरोबरच असणार."